फुकट बिझनेस क्लास दाखवणाऱ्या ब्लॉगरचं घर चालतं कशावर?

मागच्या थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला दहा-बारा जण जेवायला होते, टर्कीबिर्की काही नाही, आपली पुरणपोळी आणि कटाची आमटी. जेवणं झाल्यावर सगळे सोफ्यावर लोळत होते तेव्हा दिराने फोन माझ्यापुढे धरला, म्हणाला वहिनी हा माणूस बघ, दर पंधरा दिवसांनी बिझनेस क्लासमध्ये आडवा पडलेला असतो, हातात शॅम्पेन, आणि खाली लिहितो काय तर "मी फक्त ५.६० डॉलर भरले". याला नोकरीधंदा नाही का? घर कसं चालतं याचं?

मला हसू आलं, कारण मी स्वतः दीड वर्ष असला एक छोटासा ब्लॉग चालवून बघितलाय. त्या दिवशी त्याला जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहिते.

आधी ते ५.६० डॉलर. ती अमेरिकन सरकारची सप्टेंबर ११ सिक्युरिटी फी आहे, एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर, ती पॉइंट्सने, म्हणजे क्रेडिट कार्ड वापरून जमणाऱ्या बक्षिसाच्या गुणांनी, माफ होत नाही म्हणून रोख भरावी लागते. बाकी तिकीट पॉइंट्सवर. म्हणजे तो खोटं बोलत नाही. पण पॉइंट्सने दूध आणता येत नाही, मॉर्गेज भरता येत नाही, मुलांच्या डेकेअरला तर पॉइंट्सचं कौतुक शून्य. घर चालायला डॉलरच लागतात, आणि ते डॉलर त्याला विमानात बसण्याचे मिळत नाहीत, त्याचं वाचून तुम्ही कार्डासाठी अर्ज करता आणि बँक तो अर्ज मंजूर करते त्याचे मिळतात. विमानाचा फोटो म्हणजे दुकानाची पाटी हो. माल आत आहे, आणि माल म्हणजे क्रेडिट कार्ड.

आता हे होतं कसं ते बघा. पुढच्या वेळी असा ब्लॉग लॅपटॉपवर उघडलात की "अर्ज करा" वाल्या बटणावर माउस नुसता नेऊन ठेवा, दाबू नका. खाली कोपऱ्यात एक पत्ता दिसेल, तो सहसा बँकेचा नसतो, ब्लॉगच्याच साइटचा असतो. आता दाबा. अॅड्रेस बारमध्ये पापणी लवायच्या आत दोन-तीन वेगळेच पत्ते झरझर बदलतात आणि मग बँकेचं पान येतं, ज्याच्या पत्त्याला मागे अक्षर-आकड्यांचं लांबलचक शेपूट असतं. त्या शेपटात लिहिलेलं असतं की हे गिऱ्हाईक अमुक दुकानातून, तमुक लेखातल्या तमुक बटणावरून आलंय. आपल्याकडे एलआयसीवाले काका फॉर्म भरून घेताना वर स्वतःचा एजंट कोड टाकायचे ना, तसंच. फरक इतकाच की काका समोर बसून चहा प्यायचे त्यामुळे हे कमिशनवर आहेत हे सगळ्या घराला माहीत असायचं, इथे कोड शेपटात लपलेला असतो.

शेपटासोबत ब्राउझरमध्ये एक कुकी पण टाकली जाते, म्हणजे छोटीशी चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये ही कुकी जन्माला आली आणि १९९६ मध्ये अॅमेझॉनने असोसिएट्स प्रोग्रॅम सुरू केला, की तुमच्या साइटवरून पुस्तक विकलं गेलं तर तुम्हाला वाटा. तेव्हापासून सगळं गणित त्या चिठ्ठीवर. चिठ्ठीला मुदत असते, अॅमेझॉनकडे २४ तास, कुठे ३० दिवस, आणि नियम बहुतेक ठिकाणी असा की शेवटी ज्याची चिठ्ठी पडली त्याला पैसे. म्हणजे महिनाभर तुम्ही एकाचे लेख वाचून शहाणे झालात आणि शेवटच्या मिनिटाला दुसऱ्याच कुपन साइटवर जाऊन क्लिक केलंत की पहिल्याच्या हातात भोपळा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हनी नावाच्या, ब्राउझरला जोडून आपोआप कुपन शोधणाऱ्या एक्स्टेंशनवरून यूट्यूबवर जो गदारोळ झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तो आरोप नेमका हाच होता, की शेवटच्या क्षणी दुसऱ्याची चिठ्ठी काढून आपली लावली. आणि चिठ्ठ्या चोरून पेरणं हा नुसता वात्रटपणा नाही बरं का, ईबेच्या सगळ्यात मोठ्या अॅफिलिएटपैकी, म्हणजे लिंकवर कमिशन घेणाऱ्यांपैकी, एकाला त्याबद्दल २०१४ मध्ये पाच महिन्यांची जेल झाली.

बरं पैसे किती? इथे प्रवासी ब्लॉगर आणि पॉइंट्सवाला ब्लॉगर यांचे रस्ते वेगळे होतात. साधा प्रवासी ब्लॉगर हॉटेलची, ट्रॅव्हल इन्शुरन्सची, बॅगेची लिंक टाकतो. शंभर डॉलरची बॅग विकली गेली तर त्याला तीन-चार डॉलर. हॉटेलचं कमिशन तर माणूस प्रत्यक्ष राहून आल्याशिवाय सुटत नाही, कॅन्सल केलं की गेलं. कार्डाचं तसं नाही. तिथे टक्केवारी नाही, प्रत्येक मंजूर अर्जामागे ठरलेली उक्ती रक्कम, ढोबळमानाने पन्नास डॉलरपासून काहीशे डॉलरपर्यंत, कार्ड जेवढं भारी आणि बँक जेवढी घाईत तेवढी रक्कम जास्त. एका कार्डाची दलाली म्हणजे तीस-चाळीस बॅगा. म्हणून पॉइंट्सवाला बॅगेबद्दल सहसा लिहित नाही.

माझा एक महिना सांगते. ३,१०० लोक येऊन गेले, त्यातल्या ४१ जणांनी कार्डाच्या बटणावर क्लिक केलं, सहा जणांनी अर्ज केला, दोघांचा मंजूर झाला. नावं कळत नाहीत, नुसते आकडे दिसतात. दोन कार्डांचे मिळून हातात आले १४० डॉलर, तेही दोन महिन्यांनी, कारण बँक थेट माझ्यासारख्या चिल्लर दुकानाशी बोलतच नाही, मध्ये अशा लिंका वाटणारं नेटवर्क असतं, त्याच्या खाली मोठी साइट असते, तिच्या पोटात मी. प्रत्येक जण आपला घास काढून घेणार. मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या मालाला जसे हात लागतात तसंच. आता हेच मोठ्या साइटसाठी करा. समजा महिन्याला पाच लाख लोक आले, त्यातले दोन टक्के क्लिक, म्हणजे दहा हजार, त्यातल्या दर वीस जणांत एक मंजूर झाला तर पाचशे कार्डं, आणि दर कार्डाला १५० डॉलर धरले तरी महिन्याला ७५ हजार डॉलर. हे माझं कागदावरचं गणित आहे, कोणाचा हिशोब बघून लिहिलेलं नाही, पण यावरून अंदाज येतो की हौसेचं कंपनीत रूपांतर का झालं.

आणि खरंच झालं. द पॉइंट्स गाय (इंग्रजीतला guy) हा ब्लॉग म्हणजे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ब्रायन केली हा मॉर्गन स्टॅन्लीमध्ये एचआरमध्ये नोकरी करणारा मुलगा, २०१० मध्ये त्याने ब्लॉग सुरू केला, दोनच वर्षांत २०१२ ला तो बँकरेट नावाच्या कंपनीने विकत घेतला, आणि २०१७ मध्ये रेड व्हेंचर्सने अख्खी बँकरेटच जवळपास सव्वा अब्ज डॉलरला घेतली. सव्वा अब्ज डॉलर कोणी विमानाच्या फोटोंसाठी देत नाही, व्याजदर आणि कार्डं तुलना करायला येणाऱ्या लोकांच्या क्लिकसाठी देतं.

मग पुढचा प्रश्न, जो दिराने विचारलाच, की बँकेला एका गिऱ्हाइकामागे एवढे पैसे फेकणं परवडतं कसं. तर अमेरिकेत तुम्ही दुकानात कार्ड घासलं की दुकानदाराच्या हातात पूर्ण पैसे पडत नाहीत, प्रीमियम कार्डावर ढोबळमानाने दोन टक्क्यांच्या आसपास फी तुमच्या बँकेकडे जाते. वर्षाला ३० हजार डॉलर घासणारा माणूस म्हणजे सहाशे डॉलर, शिवाय अॅन्युअल फी. यातला बराचसा भाग पॉइंट्सच्या रूपाने त्याला परत जातो हे खरं, पण सगळे गिऱ्हाईक असे हुशार नसतात. कोणी पॉइंट्स वापरतच नाही, कोणी वर्षानुवर्षं फी भरत राहतो, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी महिनाअखेर पूर्ण बिल न भरता मिनिमम ड्यू, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान रक्कम, तेवढीच भरतो. इथे कार्डाचं सरासरी व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर गेलंय. तो माणूस बँकेची खरी दुभती गाय. फेडरल रिझर्व्हने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात हिशोब मांडलाय की या रिवॉर्ड कार्डांमुळे वर्षाला साधारण १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे आणि गरिबांकडून श्रीमंतांकडे सरकतात. तो शॅम्पेनचा ग्लास फुकट नसतो हो, बिल दुसऱ्या टेबलावर गेलेलं असतं.

कधीकधी बँक स्वतःच गाळात जाते ती गंमत वेगळी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये चेस बँकेने सफायर रिझर्व्ह कार्ड काढलं, ४५० डॉलर फी आणि तीन महिन्यांत चार हजार खर्च केले की एक लाख पॉइंट्स बोनस. ब्लॉगवाल्यांनी असा काही गजर केला की कार्ड बनवायचा धातू कमी पडला, लोकांना आधी प्लास्टिकची कार्डं पाठवली. त्या वर्षाच्या शेवटी बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनीच सांगितलं की या कार्डामुळे तिमाहीचा नफा २० ते ३० कोटी डॉलरनी कमी होईल. पण ते रडत नव्हते, कारण हे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकणार हा त्यांचा हिशोब. बोनस मात्र जानेवारीत निम्म्यावर आणला.

विमान कंपन्यांचं पण यात साटंलोटं आहे. माइल्स, म्हणजे त्यांचे स्वतःचे पॉइंट्स, त्या छापतात आणि बँकांना विकतात. डेल्टाला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये सात अब्ज डॉलरच्या वर मिळाले. युरोपात असली ब्लॉगची जत्रा फारशी दिसत नाही त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे २०१५ पासून क्रेडिट कार्डावरची, दुकानदाराकडून बँकेला जाणारी फी ०.३ टक्क्यावर बांधून टाकली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. लोक म्हणतात हे ब्लॉगर पैसे घेऊन खोटं लिहितात. माझा अनुभव असा की खोटं फार कमी लिहितात. लिहिलेलं बरोबर असतं, गोम न लिहिलेल्यात असते. ज्या कार्डावर कमिशन नाही ते कार्ड यादीत येतच नाही, आलं तर आठव्या नंबरवर एका ओळीत. छोट्या क्रेडिट युनियनचं, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेचं, साधं, बिनफीचं, दोन टक्के कॅशबॅकचं कार्ड बहुतेक घरांना पुरून उरेल, पण त्याच्यावर दोन हजार शब्द लिहायला कोणाला काय पडलीय. "आहे तेच कार्ड ठेवा, नवीन काही घेऊ नका" हा सल्ला तर कोणी पैसे देऊन छापणार नाही. मी पण नाही छापला. दीड वर्षात एकदाही नाही, आणि हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

माझ्या बहिणीच्या घरचा किस्सा. तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन लॅपटॉप, एकावर तिने आवडत्या ब्लॉगरची लिंक उघडलेली, साइन-अप बोनस ६० हजार. मी म्हटलं थांब, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे जुन्या चिठ्ठ्या नसलेल्या कोऱ्या खिडकीत, थेट बँकेची साइट उघडली. तेच कार्ड, तीच फी, बोनस ९० हजार. तिचा विश्वासच बसेना, तिने दोनदा रिफ्रेश केलं. ब्लॉगर खोटं बोलला का? नाही, त्याच्या लिंकवर ६० हजारच होता. जास्तीची ऑफर आहे हे त्याला माहीत होतं का ते त्यालाच ठाऊक. पण ती सांगितली असती तर त्याची चिठ्ठी पडली नसती. तीस हजार पॉइंट्स म्हणजे किमान तीनशे डॉलर, ते तिच्या खिशातून गेले असते आणि तिला कधी कळलंही नसतं. सगळे असे नसतात हेही सांगते, डॉक्टर ऑफ क्रेडिट ही साइट कार्डाच्या अॅफिलिएट लिंक ठेवतच नाही आणि फ्रीक्वेंट मायलर आपल्याला कमिशन मिळत नसलं तरी सगळ्यात चांगली ऑफर कुठली ते दाखवते. मी अर्जाआधी त्या दोन्ही बघते.

जुन्या हौशी लोकांचा राग पण इथूनच येतो. एके काळी हा नाद फक्त हिशोबी डोक्यांचा होता. यूएस मिंट, म्हणजे सरकारी टांकसाळ, एक डॉलरची नाणी छापील किमतीत आणि घरपोच फुकट विकायची, क्रेडिट कार्डावर. लोक हजारो डॉलरची नाणी मागवायचे, खोकी तशीच गाडीत घालून बँकेत भरायचे, त्याच पैशांनी कार्डाचं बिल, आणि मध्ये माइल्स जमा. २०११ मध्ये टांकसाळीने या योजनेत कार्ड घेणं बंद केलं. अशा युक्तीवर कोणाला कमिशन मिळतं? कोणालाच नाही. त्यामुळे अशा गोष्टी हल्लीच्या चकचकीत साइटवर सापडणार नाहीत, तिथे "या महिन्याची सर्वोत्तम १० कार्डं" सापडतील, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दहा.

बँकेची दोरी पण गळ्यात असते. मला एकदा मेल आला, वरून खाली फिरत फिरत आलेला, की तुमच्या लेखात "फ्री" शब्द आहे आणि त्याच वाक्यात अॅन्युअल फी लिहिलेली नाही, दोन दिवसांत बदला नाहीतर लिंक बंद. दुसऱ्यांदा जुना बोनस आकडा राहिला होता. आता हे चांगलंच आहे म्हणा, वाचकाला बरोबर माहिती मिळते, पण नोकरी सोडून ब्लॉग केला आणि साहेब मात्र पाच झाले अशी गत. पानाच्या वर जी बारीक ओळ असते की आम्हाला कमिशन मिळू शकतं, ती अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे, २००९ मध्ये त्यांनी ब्लॉगरनाही त्यात ओढलं. भारतात अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले २०२१ मध्ये, आणि ग्राहक कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तिकडे पुण्या-मुंबईत पण कार्डांचे चॅनेल जोरात आहेत, कार्डामागे मिळणारी रक्कम इथल्यापेक्षा बरीच कमी आणि व्याज मात्र महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. तिकडे मिनिमम ड्यू भरणारा अजून लवकर बुडतो.

धंदा म्हणून भरवशाचा आहे का विचाराल तर नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला, विमानं जमिनीवर, बँकांनी नवीन कार्डं देणं आखडलं आणि बऱ्याच लिंका थंड पडल्या. प्रवासावर लिहिणारे एकदम भाकरी कशी करायची यावर आले. मग २०२४ मध्ये गूगलने नियम कडक केले आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या साइटवर भाड्याने चालणारे कार्ड-कुपनचे विभाग सर्चमधून खाली गेले. आता तर गूगल वरच उत्तर देऊन मोकळं होतं, माणूस ब्लॉगपर्यंत येतच नाही, आणि आला नाही तर चिठ्ठी कशाला चिकटणार. म्हणून सगळे ईमेल यादी, पॉडकास्ट, इन्स्टा करत बसलेत.

आपल्या मराठी बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, घरी आहे, वेळ आहे, ब्लॉग काढून लिंक टाकू का? ब्लॉग लिहायला कोणी अडवत नाही, पण लिंकमधून पैसे येणं म्हणजे उत्पन्न, आणि वर्क परमिट नसताना ते अंगाशी येऊ शकतं. २०१५ पासून ठरावीक एच-४ वाल्यांना ईएडी, म्हणजे वर्क परमिट, मिळतं, माझं ते हातात आल्यावरच मी सुरू केलं. आधी वकिलाला विचारा, फेसबुक ग्रुपला नको.

तर दीर. त्याला सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला बरं, मग मी कुठलं घेऊ? माझा ब्लॉग केव्हाच बंद झालाय, पण बऱ्याच बँका कार्ड असलेल्यांना रेफरल लिंक देतात, तिच्यावरून कोणी कार्ड घेतलं की आपल्याला पैशांऐवजी पॉइंट्स. आधी इन्कॉग्निटोमध्ये बघितलं, बोनस तेवढाच होता, म्हणून माझी लिंक दिली आणि दिली तेव्हा सांगून दिली की मला दहा हजार मिळणार. त्याने सोफ्यावरच अर्ज केला, मिनिटभरात मंजूर. त्या वर्षात माझ्या लिंकवरून त्याच्यासकट सात जणांनी कार्ड घेतलं होतं. जानेवारीत बँकेकडून १०९९ हा उत्पन्न कळवणारा टॅक्सचा फॉर्म आला, पॉइंटला एक सेंट धरून ७०० डॉलर उत्पन्न. नवऱ्याने तो टॅक्सच्या फाइलमध्ये लावला आणि वर पेन्सिलीने लिहिलं, "दलाली".